तारमास्तरांनी खणलेला विजेचा पाट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कराडहून सांगलीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा. खिडकीची जागा तुमची. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा वास, आणि पाऊण तासानं कंडक्टर ओरडतो, "तांबखडीऽ, उतरा!" उतरलात? आता समोर पिठाची गिरणी दिसते आहे. तिच्या शेजारी बसकी इमारत आहे, ते आमचं सार्वजनिक वाचनालय. त्याच्या गच्चीवर बघा. लोखंडी चौकटीत बसवलेली एक काळी-निळी काच उन्हाकडे तोंड करून तिरकी पडली आहे. आकारानं जेवायला बसायच्या दोन पाटांएवढी. तिच्यावर ऊन पडलं की वीज तयार होते, ती खाली एका बॅटरीत साठते, आणि संध्याकाळी वाचनालयात हातभर लांबीची ट्यूब लागते. झालं? उघडा डोळे.

गोष्ट १९७९ सालची आहे. तेव्हा असली काच आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. गावात वीज होती, पण ती संध्याकाळी नेमकी जायची आणि मुलं झोपली की यायची. चौथीची आणि सातवीची मिळून सोळा मुलं स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होती. वाचनालयाचे चिटणीस विष्णुपंत लाटकर यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या आपल्या भाच्याला, गंगाधरला, चार पत्रं लिहिली तेव्हा ती काच प्रयोगादाखल तांबखडीला आली. मुलं रोज दिव्याखाली बसू लागली. त्यांत पंतांची नात उमा होती. ती चौथीत होती आणि तिचे प्रश्न पहाटे सुरू व्हायचे.

काचेबरोबर गंगाधरचं पत्र होतं. "मामा, काच नाजूक आहे. परतीच्या पावसात तुमच्याकडे विजा फार पडतात. त्याआधी विजेपासून संरक्षणाची व्यवस्था झाली पाहिजे. सप्टेंबरअखेर आमचे साहेब तपासायला येतील. व्यवस्था पसंत पडली नाही तर काच फलटणला जाईल. तिथल्या मंडळींनी चौथरा आधीच बांधून ठेवला आहे."

शेवटचं वाक्य गंगाधरनं लिहायला नको होतं. पंतांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पत्नीला म्हणाले, "संरक्षण कसं करायचं हे मला शिकवणार? तारखात्यात बत्तीस वर्षं काढली मी. ऐन पावसाळ्यात मैलोन् मैल तारा सांभाळल्या."

"फलटणचा चौथरा केवढा आहे, लिहिलंय का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

पंतांनी चष्मा पुन्हा लावला आणि पत्राची घडी घातली.

काम तसं साधं होतं. काचेपेक्षा उंच अशी एक टोकदार सळई गच्चीवर उभी करायची. सळईपासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणायची. खाली पुरुषभर खोल खड्डा करून त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा आणि पट्टी त्याला जोडायची. काचेपासून खाली येणाऱ्या तारांवर एक अरेस्टर बसवायचा. अरेस्टर म्हणजे चिनी मातीचा अंगठ्याएवढा ठोकळा. एरवी तो गप्प असतो, आणि तारेतून विजेचा लोंढा आला की त्याला जमिनीकडे वळवतो. तारखात्यात असले अरेस्टर पंतांच्या रोजच्या ओळखीचे होते. आठ दिवसांत सगळं उरकेल असा त्यांचा अंदाज होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तो चारचौघांत सांगितलाही.

इमारत पंचायतीची. पंचायतीनं सांगितलं, विजेचं काम आहे, तालुक्याहून परवानगी आणा. तालुक्याच्या कचेरीत पंतांना जो फॉर्म मिळाला तो शेतीपंपाच्या कनेक्शनचा होता, कारण दुसरा फॉर्मच नव्हता. "अश्वशक्ती किती?" या रकान्यात पंतांनी "लागू नाही" असं लिहिलं. "पाण्याचा उगम: विहीर / नदी / कालवा" यातलं काहीच लागू नव्हतं. पंतांना खोटं लिहिणं जमत नसे. त्यांनी तिन्ही शब्द खोडले आणि सुबक अक्षरात लिहिलं, "सूर्य."

कारकुनानं फॉर्म उलटसुलट पाहिला. "हा उगम कुणाच्या नावावर आहे?"

"म्हणजे?"

"सातबारा जोडलेला नाही."

"अहो, सूर्याचा सातबारा?"

"मग सामाईक असेल. सहहिस्सेदारांची संमती आणा."

पंत चार वेळा गेले. पाचव्या वेळी त्या खुर्चीवर दुसरा कारकून होता. त्यानं काही न वाचता शिक्का मारला. त्या कचेरीत आजही कुठेतरी तांबखडीच्या सार्वजनिक वाचनालयाला सूर्यावरून पाणी उपसायची परवानगी पडून असेल.

परवानगी आली, सल्ले त्याच्याही आधी आले होते. वाचनालयाचे अध्यक्ष हंबीरराव हे फौजेतले निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, "पंत, एक सळई म्हंजे पहाऱ्याला एकच संत्री. तीन ठेवा. आमच्या युनिटला डबल गार्ड असायचा."

"सुभेदार, वीज एकटीच येते."

"ती आपल्याला काय माहीत? इंटेलिजन्स हाय का तुमच्याकडं?"

खरी हरकत घेतली साळूबाईनं. वाचनालयाच्या मागच्या अंगाला तिचा गोठा होता. सळई गच्चीवर चढताना पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं तारमास्तर, ह्ये काय चाललंय? तुमी इजेला आवतान देताय व्हय? तुमच्या काट्यावर येता येता ती माज्या म्हशीवर पडली मंजी?"

आता पंत मनातून खूश झाले. शिकवायची संधी मिळाली की त्यांना पोटातला गॅससुद्धा विसरायला व्हायचा. "साळूबाई, तू उसाला पाणी पाजतेस ना? कालव्याला लोंढा आला आणि वाट नसली तर काय होतं?"

"बांध फोडून पिकात शिरतंय."

"आणि शेताच्या कडेनं चांगला रुंद पाट काढून ठेवला तर?"

"पाटानं गुमान वड्याला जातंय."

"ही सळई म्हणजे पाटाचं तोंड. ही पट्टी म्हणजे पाट. आणि हा खड्डा म्हणजे ओढा. विजेला आपण बोलवत नाही. ती आलीच तर घरात न शिरता कडेनं जावी म्हणून वाट देतो."

साळूबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं. "मग आसं म्हना की. पर पाट मोकळा ठेवा म्हंजे झालं. एक ढेकूळ आडवं पडलं तर सगळं पानी रानात."

हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. पंतांनी ठेवलं नाही.

खड्ड्यासाठी तांब्याचा पत्रा कराडात मनासारखा मिळेना. तेव्हा पंतांची नजर न्हाणीघरातल्या बंबाकडे गेली. बंब तळाशी गळत होता हे खरं, पण तो अनसूयाबाईंच्या माहेरचा होता.

"माझा बंब जमिनीत पुरणार?" अनसूयाबाई म्हणाल्या.

"अगं, गळतोय तो."

"तुमचे गुडघे दुखतात, म्हणून तुम्हाला पुरलं का कुणी?"

तीन दिवस घरात थंड पाण्याची अंघोळ आणि त्याहून थंड जेवण झालं. चौथ्या दिवशी अनसूयाबाईंनीच बंब बाहेर आणून ठेवला. "सोळा मुलं आहेत म्हणून देते," त्या म्हणाल्या, "तुमच्या खात्यासाठी नाही." लोहारानं बंब उलगडून त्याचा पत्रा केला. पत्र्याभोवती लोहाराकडचा कोळसा आणि खडे मीठ थरावर थर घालून खड्डा बुजवला. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, आणि ओल्या जमिनीत वीज लवकर विरते.

मिठाचा सुगावा साळूबाईच्या म्हशीला दुसऱ्याच दिवशी लागला. तिनं दावं तोडलं, वरची माती खुरांनी उकरली आणि पहिला थर चाटून साफ केला. पंत छत्री घेऊन धावले. म्हशीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या थराला सुरुवात केली.

"चाटू द्या ओ," साळूबाई कुंपणावरून म्हणाली, "दूद वाडंल. तुमच्याच च्यात यील."

पुन्हा मीठ आणलं, वर दगडी फरशी ठेवली, आणि हंबीररावांनी आपल्या गड्याला दोन दिवस तिथे पहाऱ्यावर बसवलं.

मग उमानं एक कागद आणून दाखवला. काचेतून किती वीज येते हे रोज तीनदा वहीत लिहायचं काम तिच्याकडे होतं. "आजोबा, सळई लावल्यापासून सकाळी नऊचा आकडा रोज घसरतोय."

"ढग असतील."

"ढग नाहीत. सळईची सावली काचेवर पडते."

पंत गच्चीवर गेले. सळईची सावली काचेवर ऐटीत आडवी पसरली होती. ज्या उन्हासाठी सगळा खटाटोप, तेच त्यांनी अडवलं होतं. सळई उपटून उत्तरेच्या कोपऱ्यात, चार हात लांब हलवावी लागली. पंतांनी मंडळींना सांगितलं की ही दुरुस्ती मूळ योजनेतच होती. उमानं कागद घडी करून वहीत ठेवला. आजोबांचं ज्ञान मोठं आणि मनही मोठं, पण चूक दाखवली की ते दोन दिवस वर्तमानपत्राच्या आड राहतात, हे तिला ठाऊक होतं.

एव्हाना बैलांचा सण, बेंदूर, आला. आमच्या पट्ट्यात बेंदूर दोन होतात, एक कर्नाटकी आणि एक आपला. दोन्हीला बैलांची शिंगं घासून रंगवतात. शिंगं रंगवणाऱ्या आकारामकडे दोन्ही बेंदरांचा मिळून बराच ऑइलपेंट उरला होता, अर्धा डबा हिरवा आणि अर्धा डबा तांबडा. तो त्यानं वाचनालयाला देणगी दिला.

पंतांना तर हेच हवं होतं. उघड्यावरच्या लोखंडाला गंज चढतो आणि तांब्याला हिरवं पूट. पंत स्वभावानं टापटिपीचे; घरातल्या खिळ्यांनासुद्धा ते वर्षातून एकदा तेल लावत. त्यांनी विचार केला, वरवर रंग लावणं म्हणजे आळशीपणा, गंज धरतो तो सांध्यांच्या आत. म्हणून त्यांनी सगळे बोल्ट सोडवले. सळई वेगळी केली, पट्टीचे तीन तुकडे वेगळे केले, सांध्याच्या पकडी वेगळ्या केल्या. प्रत्येक वस्तूला आतून, बाहेरून, कडेनं, भोकातून, रंगाचे दोन हात दिले. सळई हिरवी, टोक तांबडं. वाळल्यावर सगळं परत घट्ट आवळलं. चार दिवस लागले. खाली उभं राहून पाहिलं तर वाचनालयालाच एक शिंग फुटल्यासारखं दिसत होतं.

"झक्कास!" हंबीररावांनी कडक सॅल्यूट केला. "आता फकस्त गोंडा बांधायचा ऱ्हायला."

पंत इतके प्रसन्न होते की त्या दिवशी त्यांनी उमाला एक नवा खेळ शिकवला. टॉर्चचा सेल, टॉर्चचाच बल्ब आणि दोन तारा. तारांची टोकं एखाद्या वस्तूला दोन बाजूंनी लावायची. बल्ब लागला तर त्या वस्तूतून वीज जाते, नाही लागला तर जात नाही. उमानं उलथनं तपासलं, लागला. लाटणं तपासलं, नाही. आजीची बांगडी, लागला. काचेची, नाही. आजोबांची कवळी, नाही. महिनाभर घरातली एकही वस्तू तिच्या तावडीतून सुटली नाही.

आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी ती गच्चीवर पोचली. सळईवरचा रंग तिनं नखाएवढा खरवडला. आजोबांच्या जुन्या तारेचं लांब भेंडोळं खाली सोडलं, पट्टीच्या खालच्या टोकाला तसंच खरवडून ते जोडलं. मग सेल, मग बल्ब.

बल्ब लागला नाही.

तिनं तीनदा करून पाहिलं आणि खाली आली. "आजोबा, सळईतून पट्टीत वीज जात नाही."

पंत आरामखुर्चीत होते. "वरून रंग आहे, म्हणून तसं वाटतं तुला."

"मी रंग खरवडला. तिथे लागतो. सळईवर दोन्ही टोकं ठेवली तर लागतो. पट्टीवरही लागतो. सळईपासून पट्टीपर्यंतच लागत नाही."

"सेल जुना झाला असेल."

"उलथन्याला लागतोय अजून."

"उमा," पंत म्हणाले, "तारखात्यात मी बत्तीस वर्षं..."

उमानं बल्ब फ्रॉकच्या खिशात ठेवला. पंतांनी वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या शनिवारी पुण्याचे साहेब आले. हस्ताचा पाऊस तोंडावर होता आणि दुपारपासूनच पश्चिमेला ढग चढत होते. साहेब बारीक, अबोल आणि वक्तशीर. चारच्या एस.टी.नं त्यांना परतायचं होतं. त्यांनी काच पाहिली, अरेस्टर पाहिला, मान डोलावली. उमाची वही पाहिली, दोन पानं जास्तच पाहिली. मग पेटीतून हातानं फिरवायचं एक यंत्र काढलं, एक तार सळईला जोडली, दुसरी खाली खड्ड्याजवळ, आणि दांडा फिरवू लागले. सगळं वाचनालय भोवती उभं. सोळाच्या सोळा मुलं आली होती.

काटा जागचा हलला नाही.

साहेबांनी पुन्हा फिरवलं. "वाट कुठेतरी तुटली आहे," ते म्हणाले. "अशा अवस्थेत वीज पडली तर ती काचेतूनच जाईल. मला काच इथे ठेवता येणार नाही. फलटणला कळवावं लागेल."

हंबीरराव पुढे सरसावले. "सर, रिपोर्ट आसा हाय, एका म्हशीनं हितलं मीठ खाल्लं हुतं. तिनंच आतली तार वढली आसनार."

"ओ सुभेदार!" कुंपणापलीकडून आवाज आला. "माज्या म्हशीवर ढकलू नगा! ती मीठ खाती, तारा खात न्हाई!"

साहेबांनी पंतांकडे पाहिलं. "असं काही झालं असेल, तर तसं लिहितो. जनावरानं नुकसान केलं, म्हणून मुदत वाढवून देता येते."

ही पळवाट अगदी आयती होती. पंतांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्यांनी उमाकडे पाहिलं. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती, आणि तिचा एक हात फ्रॉकच्या खिशात होता.

पंतांनी घसा साफ केला. "म्हशीनं काही केलेलं नाही. प्रत्येक सांध्याच्या आत ऑइलपेंट आहे. धातूला धातू कुठे भिडतच नाही. तो रंग मी लावला. दोन हात." पुढचं वाक्य त्यांना जास्त जड गेलं. "आणि गेल्या रविवारी ही मुलगी मला हे सांगत होती. मी सेलला नावं ठेवली."

मग साळूबाई बोलली, पण या वेळी आवाज चढवून नाही. "मी म्हनलं नव्हतं का मास्तर, पाट मोकळा ठेवा? ढेकूळ तुमीच टाकलंसा न्हवं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजलेत. माझी एस.टी. चारची."

पुढचे दोन तास तांबखडीनं एवढ्या शिस्तीत काम केलं, की हंबीररावांना आपली पलटण आठवली. पान्हे आले, पॉलिश पेपर आले, विटांचे तुकडे आले. अनसूयाबाई भांडी घासायची राख आणि काथ्या घेऊन आल्या. बंबानंतर या खड्ड्यावर त्यांचा हक्कच होता. प्रत्येक सांधा सोडवला, आतला रंग खरवडला, तांबं चकाकेपर्यंत घासलं आणि परत आवळलं. एकेक सांधा झाला की उमा तारा लावायची. बल्ब लागला की सोळा मुलं एकदम ओरडायची, "लागला!"

चारला पाच मिनिटं कमी असताना साहेबांनी दांडा फिरवला. काटा उठला, सरकला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला.

एस.टी. मात्र आली नाही. पाऊस आला. सगळे वाचनालयात शिरले. दार उघडं होतं, पण पट्टीजवळ आणि खिडकीजवळ कुणी उभं राहायचं नाही असं साहेबांनी सांगितलं. हंबीरराव मुलांना मोजायला शिकवत होते. "इज दिसली की आकडं म्हना. तीन आकड्यांना एक किलोमीटर." एकदा बारापर्यंत गेले. मग सहा. मग दोन.

आणि मग मोजायला वेळच मिळाला नाही. सगळं पांढरं झालं आणि कानाशी फाटल्यासारखा आवाज झाला. गिरणीमागच्या बाभळीवर वीज पडली होती. गावाचे दिवे गेले. गिरणीची मोटर जळाल्याचा वास आला. वाचनालयाच्या भिंतीवरच्या अरेस्टरमध्ये बोट मोडल्यासारखं "टक्" झालं.

हातभर लांबीची ट्यूब लागलेलीच होती.

साहेबांनी वर पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि त्याच उजेडात लिहिलं, "व्यवस्था समाधानकारक. काच येथेच ठेवावी." मग विचारलं, "दोष शोधणाऱ्याचं नाव काय लिहू?"

पंत म्हणाले, "कुमारी उमा लाटकर. इयत्ता चौथी." आणि थोड्या वेळानं, "खातं लिहू नका."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि पंतांची टापटीप जागी झाली. घासलेले सांधे उघडे पडले होते. आता सांधे आतून भिडलेले आहेत, तेव्हा वरून रंग लावला तर काही बिघडत नाही, हे शास्त्राला धरून होतं. तसं त्यांनी न्याहारीच्या वेळी मोठ्यानं सांगितलंही. "एकच हात," ते म्हणाले, "फक्त वरून."

उमानं दूध संपवलं, आजोबांकडे पाहिलं आणि बाहेर गेली.

पंत कुंचला घेऊन वाचनालयात पोचले तेव्हा रंगाचे डबे जागेवर नव्हते. कपाटात नव्हते, गच्चीवर नव्हते. तेवढ्यात मागच्या गोठ्यातून साळूबाईची हाक आली.

"आवं तारमास्तर! बेंदूर हून तीन म्हैने झालं की वो! ही बगा तुमची नात!"

पंतांनी कुंपणावरून वाकून पाहिलं. म्हैस रवंथ करत उभी होती. तिचं एक शिंग हिरवं होतं, एक तांबडं, आणि उमा उलट्या डब्याच्या तळाशी राहिलेला शेवटचा थेंब तिच्या शेपटीच्या गोंड्याला पुसत होती.